शैलाच्या दारातल्या चपला

दशरथ नावाच्या माणसाला एक बायको पुरेल असं समजणं हीच मुळात चूक. शैलाच्या वडिलांनी ती केली. गुहागरकडचे भोळे गृहस्थ. त्यांनी पत्रिका बघितली, नोकरी बघितली, घराणं बघितलं, नावाकडे काही बघितलं नाही. जावई नावाला जागला. तीन नाही, दोनच केल्या, एवढा तरी संयम पाळला म्हणायचा.

मीरा रोडला पेणकरपाड्याच्या बाजूला ‘मंगलधाम’ नावाची सात मजली बिल्डिंग आहे. नावात मंगल आहे, लिफ्टमध्ये नाही. तिच्या दुसऱ्या मजल्यावर शैला राहते. वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे यावर बिल्डिंगमध्ये दोन तट आहेत. मूलबाळ नाही. घर वडिलांनी तिच्याच नावावर घेऊन दिलेलं, म्हणून दशरथ गेला तेव्हा भिंती तरी जागच्या जागी राहिल्या. ती घरगुती ऑर्डरी घेते. पुरणपोळ्या, अळूवड्या, मटारच्या करंज्या, कुणाच्या बारशाचा मसालेभात. आयुष्यात तिला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच, “शैलाताई, पुरेल ना?” आणि तिचं उत्तरही ठरलेलं, “पुरून उरेल.” अन्नाच्या बाबतीत हे कधी खोटं ठरलं नाही. माणसाच्या बाबतीत तिला तसं कुणी विचारलंच नव्हतं.

तर दशरथ. एसी दुरुस्तीवाला. पूर्वी दोन वर्षं मस्कतला जाऊन आला होता, तेवढ्या भांडवलावर पुढे जन्मभर ‘हमारे मस्कत में’ करत राहिला. एके दिवशी “नालासोपाऱ्याला एक काम आहे, जाऊन येतो” म्हणाला आणि गेला. ते काम अजून चाललंय. त्या कामाला आता दोन मुलंही आहेत.

शैलाने काय करावं? तिने त्याला परत मस्कतला पाठवून दिलं. तोंडी. कुणी विचारलं की, “मस्कतला असतात हे. सुट्टी नाही ना मिळत.” बिल्डिंगमधल्या बायका मान डोलवायच्या. अशी गुणी बिल्डिंग शोधून सापडायची नाही. चौथ्या मजल्यावरच्या मनोरमाने तर ह्या मस्कतवाल्याला वसईच्या बाजारात बोंबलाच्या वाट्यावर घासाघीस करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती दर दिवाळीला न चुकता विचारायची, “भाऊजींचा फोन आला का गं? तिकडे दिवे लावतात का?” हे विचारताना तिच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते साजूक तुपातल्या शिऱ्यानेही येत नाही.

बिल्डिंगवाल्यांना मस्कत, तशा बाहेरच्यांना चपला. दशरथ जाताना बूट घालून गेला होता. कातडी चपला मागे राहिल्या होत्या, सात नंबरच्या. त्या शैला दाराबाहेर ठेवायची. पार्सलवाले येतात, वॉटर फिल्टर विकणारे येतात, पत्ता विचारायच्या निमित्ताने आत डोकावणारे येतात. त्यांना दिसावं, घरात पुरुष आहे. नुसत्या ठेवायची नाही हं. सकाळी तोंड जिन्याकडे, संध्याकाळी तोंड दाराकडे. म्हणजे साहेब कामावर गेले, साहेब घरी आले. पावसाळ्यात बुरशी धरली की पुसून आत, दिवाळीला पॉलिश. मस्कतला असलेल्या माणसाच्या चपला मीरा रोडला रोज दोनदा दिशा बदलत होत्या, आणि एवढ्या वर्षांत ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो असं तिला एकानेही विचारलं नाही. सांगितलं ना, गुणी बिल्डिंग.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मध्येच कविता आली.

सहाव्या मजल्यावर विमलाबाई. त्यांची सून निशिगंधा एका विमा कंपनीत आहे आणि उरलेल्या वेळात कवयित्री आहे, किंवा उलटं. पगार विम्याचा येतो एवढं नक्की. गोड मुलगी. जिन्यात भेटली की हातातली पिशवी घेते, डोळ्यांत बघून बोलते. मार्गशीर्षात एकदा तिने शैलाच्या अळूवड्यांचं फार कौतुक केलं, म्हणून शैलाने एक डबा भरून वर पाठवला. आता डबा परत करायचा तर रिकामा करायचा नाही, हे निशिगंधालाही माहीत होतं. आईने तेवढं शिकवून पाठवलं होतं. चिमूटभर साखर, दोन केळी, काहीतरी घालून द्यायचं. पण सासूबाई गावाला गेलेल्या आणि सुनेचं डाएट चालू. घरात साखर नाही, गूळ नाही, केळ्यात तर म्हणे नुसती साखरच. फ्रिजमध्ये काकडी होती, पण काकडी घालून डबा कोण देतं? शेवटी तिने दिवाण उघडला. दिवाणात तिच्या स्वतःच्या कवितासंग्रहाची खोकी होती, स्वखर्चाने छापलेली आणि स्वखर्चाने परत आलेली. त्यातलं एक पुस्तक तिने डब्याबरोबर पिशवीत टाकलं.

शैलाने पिशवीत हात घातला तर साखरेऐवजी ‘माझी मीच पुरेशी’.

नाव वाचून तिच्या तोंडून धंद्याचा प्रश्न निघाला, “किती जणांना?”

दुपारी पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवली की तिला अर्धा-पाऊण तास मोकळा असतो. त्या वेळात ती पुस्तक वाचायला लागली. आधी तिला पानांचीच हळहळ वाटली. एवढं मोठं कोरं पान आणि मधोमध चार ओळी. महागड्या हॉटेलात परातीएवढ्या ताटात चमचाभर भाजी वाढतात तसं. एक कविता होती,

*तू कुणाच्या पानातली*
*कोशिंबीर नाहीस.*
*तू पान आहेस.*

“पान?” शैला पुस्तकाला म्हणाली. “जेवण झालं की आधी पानच उचलतात, बाई.”

दुसरी होती,

*मी समुद्र आहे.*
*तुझी ओंजळ लहान,*
*यात माझा काय दोष?*

“आणि मोठी असती तरी खारं पाणी घेऊन करणार काय होता?”

असं रोज चाललं. ती वाचायची आणि पुस्तकाशी भांडायची. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हे भांडण तिला आवडायला लागलं. हळूहळू भांडण कमी झालं. कणीक झाकली की हात धुऊन, पदराला पुसून ती पुस्तक उघडायची आणि एखाद्या ओळीपाशी गप्प बसून राहायची. तू पुरेशी आहेस, असं तिला कुणी लेखी दिलं नव्हतं. तोंडीही नाही. दशरथाने तर जाऊनच कळवलं होतं.

आणि मग एक दिवस पान उलटलं.

*जो गेला*
*त्याच्या चपला*
*दारात कशाला?*
*चोराला कळावं म्हणून,*
*की तुला कळू नये म्हणून?*

शैलाने पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. ओळी तिथेच होत्या. आत कणीक वाट बघत होती आणि बाहेर चपला, तोंड जिन्याकडे करून. तिला वाटलं, जगात कुणीतरी आहे. कुठल्यातरी बाईला हे असं आतलं, चपलेच्या तळव्याखालचं कळलंय. ह्या बाईच्या दारातही कुणाच्या तरी चपला असतील. मग तिला आठवलं की ही बाई सहाव्या मजल्यावर राहते आणि तिचा नवरा रोज सव्वाआठला टिफिन घेऊन खाली उतरतो. पण हे आठवलेलं तिने बाजूला सारलं. भूक लागलेल्या माणसाने पोळी कुणाच्या तव्यावरची ते विचारू नये.

त्या संध्याकाळी चपलांची दिशा बदलायला ती बाहेर आली नाही. सकाळी सफाईवाला नाथा कचरा घ्यायला आला, तेव्हा तिने त्या चपला कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिल्या. नाथा राई गावचा. कागद उघडून बघितल्याशिवाय तो काहीही कचऱ्यात टाकत नाही.

“ताई, ह्या टाकायच्या हायत? पॉलिश केल्याली हाय की.”

“टाक.”

“शेट वरडायचे न्हाय ना?”

“शेट ओरडायला इथे पाहिजेत ना.”

नाथाने चपला खाली ठेवल्या, पाय घालून बघितला, बसला. आणि दशरथाच्या चपला इतक्या वर्षांनी चालायला लागल्या. पहिल्या मजल्यावर गेल्या, तिसऱ्यावर गेल्या, गच्चीवर जाऊन आल्या. चौथ्या मजल्यावर मनोरमा दारात उभी होतीच, ती असतेच. तिने चपला ओळखल्या. जावयाचे पाय सासू ओळखणार नाही एवढ्या अचूक ओळखल्या.

“नाथा, ह्या कुठून मिळाल्या रे?”

“दुसऱ्यावरच्या ताईंनी दिल्या.”

एवढं पुरे होतं. दुपारपर्यंत सातव्या मजल्यापर्यंत कळलं, आणि लिफ्ट तर बंद होती.

पुढचं शैलाने आरशासमोर केलं. मंगळसूत्र काढलं. दोन वाट्या, मधे चार मणी. काढायला काही कष्ट पडले नाहीत. हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवून डबी कपाटात सरकवली. गळा इतका हलका लागायला लागला की दिवसभर तिचा हात तिथे जायचा, खिसा कापला गेल्यासारखा. पण आतून तिला बरं वाटत होतं. आता ती कुणाची मस्कतवाली नव्हती. ती शैला होती, आणि लोकांनी तिला तेवढ्यावर बोलवावं, एवढीच तिची इच्छा होती. एकदाच. आपल्या नावावर, आपल्या पायांवर, आपल्या चपला घालून.

आणि नशिबाची चेष्टा बघा, तेव्हाच ग्रुपवर निरोप आला. ‘संक्रांतीनिमित्त आमच्याकडे हळदीकुंकू. सर्व सख्यांना आग्रहाचं आमंत्रण. – निशिगंधा.’ खाली सूर्यफूल. शैला त्या ‘सर्व’वर किती वेळ थांबली. दुसरी कुणी असती तर लिहिलं असतं सुवासिनींना. हिने लिहिलं सर्व. लिहिणारच. जिने चपलांचं लिहिलं, ती असंच लिहिणार.

फराळाची ऑर्डर शैलालाच होती. मटारच्या करंज्या. विमलाबाईंनी फोनवर विचारलंच, “पुरतील ना गं?”

“पुरून उरतील, विमलाबाई.”

करंज्यांचे डबे तिने दुपारीच वर पोचवले. मग घरी येऊन आंघोळ केली, जांभळ्या काठाची इरकल नेसली, केसात गजरा माळला आणि पाहुणी म्हणून पुन्हा चार मजले चढली. गळा मोकळा. दुपारी ज्या दारातून डबे घेऊन आत गेली, त्याच दारातून आता हात हलवत जाताना तिला एकदम नवऱ्या मुलीसारखं लाजायला झालं.

हॉल भरलेला होता. ‘सर्व’चा परिणाम असा की निरोप पुढे पुढे जाऊन बी विंगच्याही बायका येऊन टेकल्या होत्या. शैला भिंतीला लागून बसली. शेजारी मनोरमा. मनोरमाची नजर आधी गजऱ्यावर गेली, मग काठावर, मग गळ्यावर येऊन थांबली.

“शैले,” ती हळूच म्हणाली, म्हणजे चार जणींना ऐकू जाईल इतकं हळू, “वाढवलंस का गं?”

आपल्याकडे मंगळसूत्र तुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात; अशुभाला जिभेवर येऊ देत नाहीत. शैला जन्मभर दुसऱ्यांना वाढत आली होती. ती म्हणाली, “नाही. काढलं.”

“काढलं? म्हणजे ओवायला दिलंय?”

“नाही. काढून ठेवलं. हे मस्कतला नाहीत, मनोरमाताई. नालासोपाऱ्यात आहेत. दुसरीबरोबर. पहिल्यापासून तिथेच आहेत.”

शैलाने हे वाक्य घरी कितीदा म्हणून बघितलं होतं. म्हटल्यावर काय होईल, याचीही तयारी होती. कुणी तोंडावर हात ठेवील, कुणी जवळ घेईल, कुणी ‘मेला’ म्हणेल. ह्यातलं काही झालं नाही. मनोरमाने हातातला वाटाणा उडवावा तसा हात उडवला.

“ते माहितीये गं आम्हाला!”

“माहितीये?”

“सगळ्यांनाच. वॉचमनलाही. पण म्हणून काढायला काय झालं? आम्ही कधी बोललो का तुला? दरवर्षी कुंकू लावलं का नाही? आपलं चाललं होतं ना चांगलं?”

समोरून तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेननी मान हलवली. “सच्ची वात छे, शैलाबेन. हस्बंड सोपाऱ्यात असू दे की मस्कतमध्ये, गळ्यात तर होता ना!”

दोघी-तिघी हसल्या. वाईट हेतूने नाही. तेच तर वाईट. शैलाला कळलं की ह्यांना तिचं खोटं चालत होतं. तिने खरं बोलून ह्या बायकांची अडचण केली होती. मस्कत ही सगळ्या बिल्डिंगने मिळून चालवलेली सार्वजनिक सोय होती, आणि तिने ती कुणाला न विचारता बंद केली.

तेवढ्यात निशिगंधा हळदीकुंकवाचं तबक घेऊन ओळीने पुढे येऊ लागली. पैठणी, नथ, कपाळावर चंद्रकोर. मनोरमाला लावलं. तबक शैलासमोर आलं. शैलाने मान जरा पुढे केली. कपाळ वर करायची सवय असते बाईच्या मानेला, ती आपोआप होते. निशिगंधाचं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते तसंच हवेत राहिलं. तिने सासूकडे बघितलं. सासूने मानेनेच नाही म्हटलं आणि तोंडाने म्हणाली, “अगं, शैलाला अत्तर दे ना. गुलाबपाणी शिंपड.”

“काकू,” निशिगंधा खाली वाकून अगदी प्रेमाने म्हणाली, “तुमची स्वतःची इच्छा काय आहे? लावू की नको? म्हणजे तुम्ही जो निर्णय घेतलाय ना, त्याचा मला खूप आदर आहे.”

“तू लाव की,” शैला म्हणाली.

“हो ना. माझी काहीच हरकत नाही. पण आई…” आणि तिने बोट पुसलं. तबकाच्या कडेला, बेमालूम. “आपण नंतर निवांत बोलू हं.”

तबक पुढे गेलं. शैलाची मान क्षणभर तशीच पुढे राहिली. मग तिने ती परत घेतली.

मागून वाण आलं. वाण म्हणजे ‘माझी मीच पुरेशी’. दिवाण मोकळा करायची विमलाबाईंची युक्ती. बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. “पुस्तक?” बी विंगमधली एकजण शेजारणीला म्हणाली. “गेल्या वर्षी गाळणी होती, अजून वापरतेय.” पण हात सगळ्यांनी पुढे केले. शैलानेही केला. निशिगंधाने पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं.

“अय्यो काकू, तुमच्याकडे आधीच एक आहे ना? बी विंगच्या आल्यात, कमी पडतायत. चालेल ना?”

‘माझी मीच पुरेशी’ कमी पडली. शैला म्हणाली, “चालेल.” भात कमी पडला की बाईने हेच म्हणायचं असतं.

मग कुणीतरी म्हणालं, एक कविता होऊ दे. निशिगंधाने नको-नको केलं, नथ सावरली आणि पुस्तक उघडलं. जी कविता सगळ्यांना आवडते, फोनवरही जिला सगळ्यांत जास्त बदाम मिळाले होते, ती तिने घेतली. वाचताना मध्ये तिला आपण काय वाचतोय ते लक्षात आलं असावं, पण चांगल्या कवितेत थांबता येत नाही.

“*जो गेला, त्याच्या चपला…*”

दोन ओळी झाल्या नाहीत तोच मनोरमाने शैलाला कोपर मारलं. “अगं, ही तर तुझ्यावरच आहे!”

“अरे हा!” जिग्नाबेन म्हणाल्या. “शैलाबेनचा चप्पल!”

सगळ्यांनी वळून बघितलं. निशिगंधा लाल झाली, आणि मग तिने दोन्ही हात जोडून म्हटलं, “हो. काकू, आज सांगतेच. तुम्ही माझी प्रेरणा आहात. तुमच्या दारावरून जाता-येता त्या चपला बघायचे ना मी, सकाळी अशा, संध्याकाळी तशा…”

टाळ्या पडल्या. शैलासाठी. कपाळ कोरं, हात रिकामे आणि टाळ्या भरपूर. तिला आता सगळं नीट दिसत होतं. कुठल्याही बाईच्या दारात दुसऱ्या चपला नव्हत्या. जगात तिला समजून घेणारं जे कुणी होतं, ते जिना चढताना तिच्याच दारातून उचलून नेलेलं होतं. आणि अळूवडीच्या डब्यातून तिलाच परत आलं होतं. तिचीच भाजी तिला वाढली आणि तिने चव छान आहे म्हणून बोटं चाटली.

करंज्या फिरल्या. सगळ्या म्हणाल्या, शैलाच्या हाताला चव आहे. शेवटी विमलाबाईंनी आतून हाक मारली, “शैला, बी विंगला पुरतील का गं?”

“पुरतील,” शैला उठता उठता म्हणाली. “त्या मी केल्यात.”

पुढच्या आठवड्यात आणखी एक गंमत झाली. गंमत म्हणजे काय, शैलाला वाटली नाही. सोसायटीचा सेक्रेटरी हरिश्चंद्र. नाव सत्यवचनी राजाचं, नजर मात्र कधी सरळ आली नाही. इतकी वर्षं तो शैलाला ‘शैलाताई’ म्हणायचा आणि जिन्यातून खाली बघत जायचा. चपला गेल्या, गळा मोकळा झाला, आणि ताईची जी झाली. “शैलाजी, पाण्याचं प्रेशर बरोबर आहे ना?” “शैलाजी, एकट्या असता, संकोच करू नका.” एकदा दुपारी आला तो गळका नळ बघायला. नळ गळत नव्हता. तरी तो उंबऱ्यात हात टेकून बराच वेळ उभा राहिला, आणि जाताना म्हणाला, “मोकळं बोलत जा हो. आता काय, तुम्ही मोकळ्याच.” त्यानंतर पार्सलवाल्या पोराने पाणी मागितलं. त्या बिचाऱ्याला नुसती तहान लागली होती, पण शैलाने सेफ्टी डोअर उघडलं नाही. जाळीतूनच बाटली दिली. दार लावल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

त्याच संध्याकाळी ती मीरा रोड स्टेशनबाहेर गेली.

इकडे निशिगंधाला बोचणी लागली होती. खोटं कशाला बोला, मुलगी वाईट नव्हती. तिने स्वतः गाजराचा हलवा केला, ह्या खेपेला साखर घालून, आणि आपल्या डब्यात भरून नाथाबरोबर खाली पाठवला. सोबत पुस्तक, आत सही, ‘शैलाकाकूंना, ज्यांनी मला चालायला शिकवलं.’ शैलाने हलवा खाल्ला. अन्नावर तिने कधी राग काढला नाही. वेलची जास्त झाली होती. मग तिने डबा घासला, विसळला, कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसला, झाकण लावलं आणि परत पाठवला.

रिकामा.

ना साखर, ना केळं, ना तांदळाचे चार दाणे. विमलाबाईंनी झाकण उघडलं आणि खुर्चीत बसल्या. “रिकामा डबा? माझ्या घरी?” त्या दिवशी रात्रीपर्यंत बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. नवरा पळाला त्याची एवढी चर्चा झाली नव्हती. मनोरमाचं मत असं पडलं की मंगळसूत्र काढणं एक वेळ समजून घेता येईल, पण डबा असा पाठवणं म्हणजे बाई कामातून गेली.

दोन दिवसांनी सकाळी निशिगंधा शैलाच्या दारात आली. शैलाने दार उघडलं, सेफ्टी डोअरही उघडलं.

“काकू, सॉरी म्हणायला आलेय,” निशिगंधा म्हणाली. डोळे खरंच ओले होते. “आणि… रागावणार नसाल तर एक दाखवू? तुमचा डबा आला ना, मी रात्रभर झोपले नाही. काल टाकली. बघा, किती जणींनी लिहिलंय खाली.”

तिने फोन पुढे धरला. शैलाने चष्मा लावून वाचलं.

*डबा रिकामा आला.*
*मी भरून पावले.*

शैलाने त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. तिने जन्मात एकच डबा रिकामा पाठवला होता. एकच शिवी दिली होती, आणि तीही शिवी न वापरता. ती सुद्धा ह्या मुलीने साखर समजून खाल्ली.

“छान आहे,” ती म्हणाली.

“खरंच? तुम्हाला आवडली?”

“लहान आहे. डब्यात मावते.”

निशिगंधाची नजर खाली गेली. दाराच्या बाजूला, पायपुसण्याला लागून, पुरुषाच्या चपला होत्या. नव्याकोऱ्या, जाड तळव्याच्या, चांगल्या दांडग्या माणसाच्या. तोंड जिन्याकडे.

“काकू! काका आले?”

“नाही.”

“मग… तुम्ही पुन्हा…?” तिचा आवाज पडला. “माझी कविता वाचूनही?”

“कवितेत तू विचारलंयस ना, चोराला कळावं म्हणून की तुला कळू नये म्हणून? मी स्टेशनपर्यंत चालता चालता विचार केला. चोराला कळावं म्हणून, बाई. मला केव्हाच कळलंय.”

गळा शैलाचा मोकळाच होता. तो तिने पुन्हा झाकला नव्हता. त्या मोकळ्या गळ्याकडे आणि त्या दांडग्या चपलांकडे आळीपाळीने बघता बघता मुलीच्या डोळ्यांतलं पाणी आटलं आणि तिथे दुसरंच काहीतरी चमकायला लागलं. अंगठा हळूच फोनवर गेला. शैलाने ते बघितलं. कढईत तेल कधी तापलं ते ज्या बाईला कळतं, तिला हेही कळतं.

तिने दार ओढून घेतलं, आणि अर्धवट फटीतून म्हणाली,

“लिहिणारच असशील तर नीट लिही. जुन्या सातच्या होत्या. ह्या नऊच्या आहेत.”